अँड्रोजेनविरोधी गोळ्या आणि गर्भधारणा : आधी काय थांबवायचं, नंतर काय

हनुवटीवरचे दाट केस, हटता न हटणारे मुरुम, टाळूवर विरळ होत चाललेले केस किंवा पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून बीज नियमित न सुटण्याचा विकार) यांसाठी स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड, बायकॅल्युटामाइड, फ्लुटामाइड किंवा सायप्रोटेरोन यांपैकी एखादं औषध चालू आहे आणि दिवस राहण्याची थोडीशीही शक्यता आहे, अशा प्रत्येकीसाठी हा लेख आहे. यात होणारी चूक बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे क्रम उलटा होतो. गोळी आधी सुरू होते आणि गर्भनिरोधकाचा विचार नंतर कधीतरी होतो. मूल हवं असं ठरलं की गर्भनिरोधक लगेच सुटतं, पण चेहऱ्यासाठीची गोळी तशीच चालू राहते. करायचं असतं ते नेमकं याच्या उलट. गर्भनिरोधक सगळ्यांत आधी सुरू होतं आणि सगळ्यांत शेवटी थांबतं. गोळीचा सगळा काळ या दोहोंच्या आत बसला पाहिजे.

धोका नेमका कशाचा

ही औषधं पुरुषी संप्रेरकांचं, म्हणजे अँड्रोजेनचं, काम अडवतात. काही त्यांना पेशीवर बसू देत नाहीत. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होणं थांबवतात. पोटातला गर्भ मुलाचा असेल, तर त्याची बाह्य जननेंद्रियं याच डीएचटीच्या जोरावर आकार घेतात. हे काम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारण ८ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होतं. त्या काळात औषध रक्तात असेल तर ही वाढ अपुरी राहू शकते. मूत्रमार्गाचं तोंड शिश्नाच्या टोकाला न उघडता खालच्या बाजूला उघडणं, वृषण खाली न उतरणं, शिश्न लहान राहणं असे दोष त्यातून संभवतात.

इथे दोन गोष्टी सोबतच लक्षात घ्यायला हव्यात. स्पायरोनोलॅक्टोनबाबतची भीती मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली आहे. माणसांतली माहिती थोडी आहे, आणि हे औषध चालू असताना दिवस राहून निरोगी बाळं जन्मल्याच्या नोंदीही आहेत. त्यामुळे एखादी गोळी पोटात गेली म्हणजे बाळाला दोष असणारच, असं मुळीच नाही. पण माहिती थोडी आहे, म्हणून धोकाही थोडा असेल असं धरून चालणं चूक आहे. टाळता येण्यासारखा धोका आहे आणि तो टाळायची पद्धत सोपी आहे, फक्त ती क्रमाने पाळावी लागते.

टप्पा १ : आपण काय घेतो ते कागदावर उतरवा

घरात चालू असलेली प्रत्येक स्ट्रिप, बाटली आणि ट्यूब समोर ठेवा. पुढच्या बाजूचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात, ते उतरवून घ्या. गोळ्या एकेक करून कापून घ्यायची सवय असेल, तर नेमका तोच मजकूर कापला गेलेला असतो. अशा वेळी जुनं प्रिस्क्रिप्शन शोधा किंवा दुकानातून बिल काढून घ्या.

केसांसाठी डोक्याला लावायच्या द्रावणाकडे विशेष लक्ष द्या. त्यावर ‘मिनॉक्सिडिल’ ठळक छापलेलं असतं आणि सोबत फिनास्टेराइड असल्याचं मागच्या ओळीत दिसतं. लावायचं औषध आहे म्हणून ते या यादीतून सुटत नाही.

यादीत एवढं हवं: औषधाचं मूळ नाव, रोजचा डोस, कधीपासून चालू आहे, कशासाठी दिलं आहे, कोणी दिलं आहे. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा ठेवू नका. त्याचं कारण सहाव्या टप्प्यात आहे.

> इशारा : मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल, तर ते वेगळ्या गटातलं आणि कितीतरी जास्त घातक औषध आहे. ते मुलगा-मुलगी दोन्ही गर्भांत गंभीर दोष निर्माण करतं. त्याच्या शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना दिवस राहता कामा नयेत. दोन्ही औषधं मुरुमांचीच असल्यामुळे त्यांचे नियम हमखास एकमेकांत मिसळले जातात.

टप्पा २ : पहिल्या गोळीआधी गर्भचाचणी

पाळी नियमित असेल तर हे काम सोपं आहे. पण ही औषधं घेणाऱ्या अनेकींची पाळी मुळातच दोन-दोन महिने लांबते, आणि ‘माझी पाळी अशीच पुढे जाते’ या सवयीत गर्भ लक्षातच येत नाही. म्हणून पाळीच्या तारखेवर विसंबू नका. शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला ते आठवा आणि त्यापासून २१ दिवस मोजा. त्यानंतर केलेली लघवीची चाचणी नकारात्मक आली, तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. त्याआधी केलेली नकारात्मक चाचणी पुरेशी नाही. २१ दिवस पूर्ण झाल्यावर ती पुन्हा करावी लागते, आणि तोवर संबंध आला तर तो सुरक्षितच हवा.

दुसरा गैरसमज असा की पीसीओएस असलेल्या बाईला दिवस राहत नाहीत. राहतात, फक्त कधी ते सांगता येत नाही. वजन थोडं उतरलं, मेटफॉर्मिन (मधुमेहात आणि पीसीओएसमध्ये देतात ते औषध) सुरू झालं, की बंद पडलेलं बीज सुटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. आणि बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. म्हणजे ‘एकदा पाळी सुरू होऊ दे, मग काळजी घेऊ’ असं म्हणणारीला ती पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात.

टप्पा ३ : गर्भनिरोधक निवडा आणि ते लागू पडेपर्यंत थांबा

हा टप्पा घाईत उरकला जातो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

नुसत्या कंडोमवर भिस्त ठेवू नका. रोजच्या जगण्यात जसा वापर होतो तसा धरला, तर वर्षभरात कंडोमवर अवलंबून असलेल्या १०० जणींपैकी साधारण १३ जणींना दिवस राहतात. संततिनियमनाच्या गोळ्यांवर असलेल्या १०० जणींपैकी साधारण ७, तर कॉपर टी बसवलेल्यांपैकी एकीपेक्षाही कमी. संप्रेरक सोडणारी गर्भाशयातली साधनं आणि दंडात बसवायचं इम्प्लांट ही याहूनही भरवशाची आहेत. अँड्रोजेनविरोधी औषध वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा रोज आठवण ठेवावी लागत नाही असं साधन मिळालं तर उत्तम.

तरीही अनेक डॉक्टर आधी संततिनियमनाची गोळीच देतात, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असलेली ही गोळी स्वतःच पुरुषी संप्रेरकांचा जोर कमी करते. अंगावरच्या केसांसाठी सहसा ती सहा महिने देऊन पाहतात आणि फरक पुरेसा नसेल तरच अँड्रोजेनविरोधी औषध जोडतात. हा क्रम असेल तर तुमचं संरक्षण आपोआपच आधी सुरू झालेलं असतं.

इस्ट्रोजेनची गोळी सगळ्यांना चालत नाही. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, डोकेदुखीआधी डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या रेषा दिसत असतील, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान असेल किंवा रक्तदाब जास्त असेल, तर ते आधीच सांगा. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन या गोळीचा परिणाम कमी करतात, तेही सांगायला हवं. ड्रोस्पायरेनोन हा घटक असलेली संततिनियमनाची गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र दिलं जात असेल, तर रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का, हे विचारा. दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवणारी आहेत.

मग थांबायचं किती? संततिनियमनाची गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. इतर कोणत्याही दिवशी सुरू केली तर सात दिवस कंडोमही वापरावा लागतो. कॉपर टी बसवल्या क्षणापासून काम करते. बाकीच्या साधनांबद्दल डॉक्टरांना थेट विचारा, ‘मला संरक्षण आजपासून आहे की सात दिवसांनी?’

> तपासून पाहा : गर्भचाचणी नकारात्मक. गर्भनिरोधक सुरू. ते लागू पडायचे दिवस पूर्ण. या तिन्हींवर खूण झाली की मगच अँड्रोजेनविरोधी औषधाची पहिली गोळी.

टप्पा ४ : औषध चालू असताना

स्पायरोनोलॅक्टोनमुळे पाळी पुढे-मागे होते, मधेच डाग दिसतात. हे डाग म्हणजेच पाळी, असं समजून दिनदर्शिकेवर खूण केली की पुढचा सगळा हिशोब चुकतो. म्हणून रक्तस्राव नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळा वाटला, तर खुणेशेजारी तसं लिहा. संप्रेरकाचं साधन बसवल्यामुळे पाळी बंदच झाली असेल, तर ‘पाळी चुकली’ ही सूचना मिळणारच नाही. मळमळ, छाती दुखरी होणं, कारण नसताना थकवा, यांपैकी काही जाणवलं की चाचणी करून मोकळ्या व्हा.

संततिनियमनाच्या दोन किंवा अधिक गोळ्या लागोपाठ चुकल्या, तर पुढचे सात दिवस कंडोम वापरा. चुकलेल्या गोळ्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर आपत्कालीन गर्भनिरोधक लागेल का ते विचारा. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गेली असं समजून दुसरी घ्या. कंडोम फाटला तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी त्याहून जास्त खात्रीची असते, आणि पुढची काही वर्षं कामालाही येते.

आता घरातल्या दुसऱ्या कोणाच्या औषधाबद्दल. केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी पुरुष फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड घेतात. गरोदर असलेल्या किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बाईने फिनास्टेराइडची तुटलेली वा कुटलेली गोळी हाताळू नये. वरचं आवरण शाबूत असेल तोवर आतलं औषध हाताला लागत नाही, पण डोस कमी करायचा म्हणून गोळ्या मोडून त्याचे चार तुकडे डबीत भरून ठेवले जातात, तिथे हे आवरण राहत नाही. ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलमध्ये द्रव असतो आणि तो त्वचेतून शोषला जातो. गळकी कॅप्सूल हाताला लागली तर लगेच साबण-पाण्याने हात धुवा. जोडीदाराने यांपैकी काही घेत असताना मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न त्याने स्वतःच्या डॉक्टरांना विचारायचा आहे. वीर्यातून येणारं फिनास्टेराइड अत्यल्प असतं, पण शुक्राणूंवर होणाऱ्या परिणामाचाही विचार करावा लागतो.

> इशारा : बहिणीला, मैत्रिणीला ‘मला फरक पडला, तूही घे’ म्हणून स्ट्रिप देऊ नका. तुम्ही पहिले तीन टप्पे पार केलेत, तिने नाही.

टप्पा ५ : मूल हवं असं ठरलं की

आता क्रम फिरतो. आधी अँड्रोजेनविरोधी औषध थांबवायचं, ते शरीरातून जाईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवायचं, आणि त्यानंतरच गर्भनिरोधक सोडायचं.

मधलं अंतर औषधागणिक बदलतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि त्यापासून बनणारे घटक काही दिवसांत निघून जातात. तरी सुरक्षित अंतर म्हणून सहसा किमान एक महिना सांगितला जातो. फिनास्टेराइडही लवकर उतरतं आणि तिथेही किमान महिनाभराचं अंतर ठेवतात. बायकॅल्युटामाइड रक्तात अर्ध्यावर यायलाच साधारण एक आठवडा घेतं, म्हणजे ते पाच-सहा आठवडे तरी रेंगाळतं. त्यावर आणखी किती थांबायचं हे डॉक्टर ठरवतील. सायप्रोटेरोनची तारीखही त्यांच्याकडूनच घ्या.

ड्युटास्टेराइडचा हिशोब मात्र नीट पाहायला हवा, कारण इथे सर्वांत मोठी चूक होते. दीर्घकाळ घेतल्यावर ते रक्तात अर्ध्यावर यायला सुमारे पाच आठवडे लागतात. म्हणजे पाच आठवड्यांनी अर्धं उरलं, दहा आठवड्यांनी पाव, पंधरा आठवड्यांनी आठवा हिस्सा, वीस आठवड्यांनी सोळावा, पंचवीस आठवड्यांनी बत्तिसावा. जवळपास सहा महिने झाले. रक्तदात्यांनाही हाच नियम लावतात. फिनास्टेराइड थांबवल्यावर एक महिना आणि ड्युटास्टेराइड थांबवल्यावर सहा महिने रक्त घेत नाहीत, कारण ते एखाद्या गरोदर स्त्रीला दिलं जाऊ शकतं. येत्या काही वर्षांत मूल हवं असेल, तर केसांसाठी ड्युटास्टेराइड सुरू करण्याआधीच दुसरा पर्याय मागा.

‘एक पाळी जाऊ दे’ हे माप वापरू नका. तुमची पाळी २५ दिवसांनीही येत असेल आणि ७० दिवसांनीही. मोजायचं ते तारखेने. शेवटच्या गोळीची तारीख लिहा, त्यापुढे गर्भनिरोधक थांबवायची तारीख लिहा, आणि दोन्ही तारखा जोडीदाराला माहीत असू द्या.

या मधल्या काळात करायची कामं आहेत. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा कुटुंबात बाळाच्या मज्जारज्जूचा दोष असेल, तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर सांगतील. मुरुमांसाठी अझेलाइक ॲसिड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखी, गरोदरपणात सहसा चालणारी लावायची औषधं विचारून घ्या. अडापलीन, ट्रेटिनॉइनच्या ट्यूब आणि मिनॉक्सिडिल बाजूला ठेवा. अंगावरचे केस काही महिन्यांत हळूहळू परत येतील, मुरुमही उसळू शकतात. याची मनाची तयारी नसली की ‘अजून एक महिना घेते’ म्हणत गोळी पुन्हा सुरू होते, आणि तोवर गर्भनिरोधक सुटलेलं असतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर यांना काही हरकत नाही.

> इशारा : लेट्रोझोलसारखं बीज सोडवणारं औषध एका डॉक्टरांकडून सुरू होतं आणि मुरुमांची गोळी दुसऱ्या डॉक्टरांकडून चालूच असते, असं सहज घडतं. पहिल्या टप्प्यातली यादी दोघांनाही दाखवा. ‘त्वचेची गोळी’ एवढं सांगू नका, मूळ नाव सांगा.

टप्पा ६ : गोळी चालू असतानाच दिवस राहिले तर

१. औषध केवळ केस, मुरुम किंवा टाळूसाठी असेल, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्पायरोनोलॅक्टोन हृदयविकार, रक्तदाब किंवा यकृताच्या आजारासाठी दिलेलं असेल, तर ते आपल्या मनाने थांबवू नका. तिथे अचानक थांबवण्याचा धोका वेगळा आहे, म्हणून त्याच दिवशी फोन करून पर्यायी औषध ठरवून घ्या. ‘कशासाठी’ हा रकाना यासाठीच होता.

२. घाबरून सगळीच औषधं एकदम बंद करू नका. थायरॉईडची गोळी, फिट्सची औषधं, इन्सुलिन, मेटफॉर्मिन यांचा निर्णय वेगळा होतो.

३. लिहून काढा: शेवटची गोळी कोणत्या तारखेला, डोस किती, शेवटची खरी पाळी कधी, संबंध साधारण कोणत्या तारखांना.

४. लवकरात लवकर सोनोग्राफी करून गर्भाचं वय पक्कं करून घ्या. हे इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत पाहा. समजा पाळी आल्याला ६० दिवस झाले आणि चाचणी सकारात्मक आली. पाळीवरून मोजलं तर आठ आठवडे उलटून गेले, म्हणजे जननेंद्रियं घडण्याचा काळ सुरू झाला असं वाटतं. पण लांबलेल्या पाळीत बीज चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास सुटलं असेल, तर गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा आहे, म्हणजे डॉक्टरी मोजणीने पाच आठवडे. आज गोळी थांबली तर तो काळ सुरू व्हायला अजून अवधी आहे. उलटही घडतं. तीन आठवड्यांपूर्वीचा डाग पाळी समजला गेला असेल, तर गर्भ वाटतो त्याहून बराच मोठा निघतो. सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजली की हा घोळ मिटतो.

५. केवळ ही गोळी घेतली होती म्हणून गर्भपाताचा निर्णय भीतीपोटी करू नका. गर्भाचं वय, औषध आणि डोस कळल्यावर प्रसूतितज्ज्ञांशी सविस्तर बोला. बरेचदा गोळी त्या नाजूक काळाआधीच थांबलेली असते. मुलीच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या घडणीत डीएचटीचं काम नसतं. मूत्रमार्गाच्या तोंडाचा दोष कोणतंही औषध न घेतलेल्या मातांच्या मुलांतही, दर २०० ते ३०० मुलग्यांमागे साधारण एकात, आढळतो आणि शस्त्रक्रियेने तो दुरुस्त करता येतो.

६. १८ ते २२ आठवड्यांच्या तपशीलवार सोनोग्राफीच्या वेळी औषधाचा इतिहास सांगा. बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांनाही सांगा, म्हणजे मुलगा असेल तर मूत्रमार्गाचं तोंड आणि दोन्ही वृषण ते पहिल्याच तपासणीत नीट पाहतील.

> इशारा : कॉपर टी किंवा इतर साधन आत असताना चाचणी सकारात्मक आली तर थांबू नका. गर्भ नळीत असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. ओटीपोटात एका बाजूला कळा, खांदा दुखणं, चक्कर, रक्तस्राव यांपैकी काही असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.

टप्पा ७ : बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करताना

बाळंतपणानंतर काही महिन्यांनी केस गळतात, तेव्हा जुनी स्ट्रिप आठवते. ही गळती बहुतेकींत आपोआप थांबते, तिला अँड्रोजेनविरोधी औषध लागत नाही. तरीही औषधाची गरज असेलच, तर अंगावर पाजत असल्याचं आधी सांगा. स्पायरोनोलॅक्टोनचा अंश दुधात थोडाच उतरतो, म्हणून काही डॉक्टर विचारपूर्वक ते देतात. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या काळात घेत नाहीत.

अंगावर पाजताना पाळी आलेली नसली तरी बीज सुटू शकतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यापासून सगळं पुन्हा करायचं: चाचणी, गर्भनिरोधक, लागू पडायचे दिवस, आणि मग पहिली गोळी. फक्त पहिले सहा आठवडे, आणि पाजत असाल तर डॉक्टर सांगतील तोवर, इस्ट्रोजेनची संततिनियमनाची गोळी चालत नाही. त्याऐवजी कॉपर टी, इम्प्लांट किंवा इस्ट्रोजेन नसलेली, केवळ प्रोजेस्टिन या दुसऱ्या संप्रेरकाची गोळी यांतलं काय बसेल, ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या तपासणीतच ठरवून घ्या.